नोंदणीकृत सल्लागार, बदलापूर गाव

वनिता म्हसकर आकडेमोड लग्नपत्रिकांच्या पाठीवर करत. बदलापूर गावात त्यांच्या घरी लग्नसराईत पत्रिकांचा ढीग जमा होई. मागची बाजू कोरी असलेल्या पत्रिका त्या वेगळ्या काढत, मधोमध कापत आणि एका कडेने दोऱ्याने शिवून त्यांची वही करत. वर्गात इतरांसमोर लॅपटॉप असत. त्यांच्या बाकावर गणपतीचं चित्र आणि वधूवरांची नावं पालथी पडलेली असत आणि वरच्या बाजूला चक्रवाढ व्याजाचं गणित असे. व्याज त्या बोटांच्या पेरांवर मोजत. शेजारच्याच्या कॅल्क्युलेटरवर आकडा यायच्या आत त्यांचा आलेला असे. दोन्ही जुळले की त्या कॅल्क्युलेटरकडे पाहून मान डोलावत, जणू त्याने बरं सोडवलं.

हा वर्ग उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवण्याच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. मुंबईतल्या एका संस्थेची वित्तीय नियोजनाची पदव्युत्तर पदविका होती, दोन वर्षांची, शनिवार-रविवारची. मी ज्या वर्तमानपत्रात होतो त्याला पैशापाण्यावर एक पान सुरू करायचं होतं, म्हणून त्यांनी माझी निम्मी फी भरली होती. बाकी विद्यार्थी बहुतेक विशीतले. कुणाला बँकेत जायचं होतं, कुणी आधीच विमा एजंट होतं. वनिताताई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्नानंतर घरी बसून बी.कॉम. केलेलं, त्यानंतर चौदा वर्षं विम्याची एजन्सी.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून इथे का आलो ते सांगायचं होतं. अंबरनाथचा तुषार नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा म्हणाला, पॅकेज चांगलं मिळतं. तो खरं बोलला म्हणून सगळे हसले. वनिताताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात एकदा पैसे आले होते. ते कुठे गेले ते बघायचंय." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

ते पैसे कुठे गेले ते त्यांना नीट माहीत होतं. इमारती स्टेशनकडून सरकत सरकत गावाच्या वेशीपर्यंत आल्या तेव्हा म्हसकरांचं ओढ्याकाठचं शेत एका बिल्डरने घेतलं. त्या पैशांतून बंगला झाला, गाडी आली, दोन लग्नं झाली, शर्यतीची बैलजोडी आली. उरलेलं कुणाकुणाच्या ओळखीने इकडेतिकडे गेलं आणि तीन-चार वर्षांत संपलं. व्यवहाराच्या दिवशी घरच्या बैठकीत वनिताताईंनी सांगितलं होतं की थोडी रक्कम तात्यांच्या नावावर वेगळी ठेवा. तात्या म्हणजे त्यांचे सासरे. मोठे दीर जनार्दन म्हणाले, "वनिता, चहा टाक जरा. पावणे खोळंबलेत."

हे त्यांनी मला पहिल्या सत्रातच, कारखान्याखालच्या टपरीवर सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. आता उरलेली जमीन रस्त्यात जाणार होती. मोजणी झाली होती, नोटिसा आल्या होत्या, दोन-तीन वर्षांत मोबदला मिळणार होता. तो शेवटचा. त्यानंतर विकायला काही राहणार नव्हतं. त्यांचा हिशेब असा होता, की तोवर त्यांच्या हातात असा कागद असला पाहिजे जो पाहिल्यावर घरातलं माणूस त्यांना चहा टाकायला सांगणार नाही.

"सांगितलं तरी टाकीन मी चहा," त्या म्हणाल्या. "पण आधी माझं ऐकून घ्यायला लावीन."

तो कागद म्हणजे गुंतवणूक सल्लागाराची नोंदणी. एजंट आणि सल्लागार यांतला फरक बाहेर फार कुणाला ठाऊक नसतो. एजंटला कंपनी कमिशन देते. नोंदणीकृत सल्लागाराला कमिशन घेता येत नाही, त्याने फक्त ग्राहकाकडून फी घ्यायची. दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. आणि त्या काळात सल्लागार व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण सक्तीचं होतं.

आम्हाला मोटवानी सर शिकवत. ते निवृत्त बँक मॅनेजर होते. मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवत. त्यांचं एक वाक्य वर्गाला पाठ होतं, "पहले कागज, फिर बात." ग्राहकाशी लेखी करार झाल्याशिवाय सल्ल्याचं एक अक्षर बोलायचं नाही, हा त्याचा अर्थ. एका रविवारी त्यांनी विचारलं की वर्गातल्या एजंटांपैकी किती जणांनी आपलं कमिशन ग्राहकाला परत दिलंय. हे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्याशिवाय उल्हासनगरात पॉलिसी निघत नाही, हेही माहीत होतं. इथला दुकानदार पॉलिसीचं नाव विचारायच्या आधी विचारतो, "वापस कितना?" वर्गात पाच-सहा एजंट होते. कुणी हात वर केला नाही. वनिताताईंनी केला.

सरांनी विचारलं, किती दिलं.

"पहिल्या वर्षाचं निम्मं. एका शेटला सगळंच दिलं, त्याच्या तिन्ही भावांच्या पॉलिसी मिळतील म्हणून."

"फिर, मिली?"

"नाही सर. भावांनी दुसऱ्याकडून घेतल्या. तो वर मिक्सर देत होता."

वर्ग बराच वेळ हसत होता. त्या हसल्या नाहीत. त्यांना प्रश्न विचारला होता आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. नेहमी असंच असायचं. कुठल्याही योजनेची चर्चा निघाली, तुषारसारखी मुलं परताव्याचे टक्के बोलायला लागली, की मागून त्यांचा आवाज यायचा, "पण हे कोणासाठी?" वय काय, घरात खाणारी तोंडं किती, आजार कोणता, हे सांगितल्याशिवाय त्या टक्क्यांकडे पाहतच नसत. मुलं त्यांना 'कोणासाठी मॅडम' म्हणू लागली. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं नाव आहे, व्हिजिटिंग कार्डावर घालते.

वर्ग सुटला की त्यांचे यजमान विलास मोटरसायकलवर न्यायला येत. ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. टपरीपासून थोडं लांब उभे राहत आणि हेल्मेट काढत नसत. एकदा मी चहाला बोलावलं तर म्हणाले, नको, काढलं की परत घालावं लागतं. परतीच्या रस्त्यावर वनिताताई मागे बसून व्याख्या म्हणत आणि विलास त्या ऐकत, असं त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांनी विलासनाही त्यातल्या बऱ्याच पाठ झाल्या होत्या. घरात मात्र विलास बोलत नसत. जनार्दनदादा म्हणतील ते.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एका कुटुंबाचं पूर्ण आर्थिक नियोजन करून प्रकल्प द्यायचा होता. वनिताताईंनी आपलंच घर घेतलं, नावं बदलून. सासरे झाले 'श्री. क'. वय चौऱ्याहत्तर, उत्पन्नाचं साधन जमीन, दोन मुलगे, एक नातू, मोबदला अपेक्षित. पहिली तीस पानं रकमांची होती. शेवटची दोन पानं माणसांची होती आणि अशी पानं त्या वर्गात दुसऱ्या कुणी लिहिली नव्हती. त्यातली काही वाक्यं माझ्याकडे उतरवलेली आहेत. "श्री. क यांना रुग्णालयाच्या खर्चाची भीती वाटते, पण ते ती बोलून दाखवत नाहीत. मोठ्या मुलाला सर्वांत आधी विचारलेलं आवडतं. नंतर विचारल्यास तो विरोध करतो. धाकटा मत देत नाही. नातवाच्या नावाने काही करायचं म्हटलं की श्री. क कागद वाचत नाहीत." त्याखाली शिफारस होती: मोठा भाग बँकेच्या मुदत ठेवीत, व्याज दर महिन्याला श्री. क यांच्या खात्यात, आरोग्यासाठी वेगळी रक्कम, जिला कुणी हात लावायचा नाही, विमा नको.

मोटवानी सरांनी ती दोन पानं वर्गात वाचून दाखवली. म्हणाले, प्लॅन असा असतो, बाकी सब कैलकुलेटर है. तुषारने प्रकल्प नमुन्यासाठी मागितला. वनिताताईंनी दिला. त्याने मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढले आणि त्याच दिवशी परत दिला. हा मुलगा वनिताताईंच्या डब्यातलं रोज खायचा. माणसांची नावं लक्षात ठेवायचा, त्यांच्या मुलांची परीक्षा कधी आहे तेसुद्धा. वर्गात तो कुणाला आवडत नव्हता असं झालं नाही.

पदविका मिळाली. तुषारला बदलापुरातल्या एका खासगी बँकेत नोकरी लागली. वनिताताईंनी नोंदणीचा अर्ज केला आणि त्यासाठी चौदा वर्षांची एजन्सी सोडली. जुन्या पॉलिसींच्या दरवर्षीच्या हप्त्यांवर त्यांना थोडं थोडं कमिशन येत होतं. तेच त्यांचं स्वतःचं उत्पन्न होतं. एजंटांच्या वरच्या अधिकाऱ्याने त्यांना दोनदा परत पाठवलं, घरी विचारून या म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी एजन्सीचा राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला आणि पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत.

नोंदणी आली तेव्हा मी बातमी दिली. चार ओळी छापून आल्या, रक्तदान शिबिराखाली. बंगल्याच्या ओटीवर एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर प्रमाणपत्र लागलं. लोक आले. गावातले, भाऊबंद, जमिनीचे पैसे मिळालेले आणि मिळणार असलेले. बसले, विचारलं, ऐकून घेतलं, समाधानाने गेले. फी कुणी दिली नाही. सल्ला ही विकत घ्यायची वस्तू आहे असं त्या गावात कुणाला वाटत नव्हतं. तो पारावर मिळतो, चहाबरोबर मिळतो. एकाने जांभळांची पाटी पाठवली. एका बाईंनी तांदूळ आणले. वनिताताई जांभळांची पावती फाडणार होत्या, पण पावतीपुस्तकात वस्तूंचा रकाना नव्हता, असं त्या सांगत. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसे, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

मग त्या जुन्या ग्राहकांकडे कॅम्प चारला गेल्या. बटणं आणि चेन विकणाऱ्या एका शेटना त्यांनी समजावून सांगितलं की आता आपण कमिशन घेत नाही, त्यामुळे तुमच्या फायद्याचं तेच सांगणार. शेटनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तो वापस क्या दोगे?" त्या म्हणाल्या, काही नाही, उलट तुम्हीच मला फी द्यायची. शेटना वाटलं बाईंची काहीतरी अडचण झाली आहे. त्यांनी सामोसा मागवला आणि पोराला सांगितलं की बहनजींना स्टेशनपर्यंत सोड.

रस्त्याचा मोबदला त्या पावसाळ्यानंतर खात्यात आला.

पुढची बैठक मी पाहिलेली नाही. वनिताताईंनी एकदा आणि विलासनी एकदा, वेगवेगळ्या वेळी सांगितली. दोन्ही जुळतात. तात्या झोपाळ्यावर होते. जनार्दन, विलास आणि वनिताताई खुर्च्यांवर. जनार्दन यांनीच विषय काढला, आणि हे नोंदवायला हवं, की त्यांनी तो बरा काढला. म्हणाले, गेल्या वेळी गडबड झाली, या वेळी वनिताला विचारू, शिकलीये ती. वनिताताई आत गेल्या आणि चार पानांचा करार घेऊन आल्या. मराठीत टाइप केलेला. ग्राहकाचं नाव, सल्लागाराचं नाव, नोंदणी क्रमांक, दोघांच्या सह्यांच्या जागा. फीच्या जागी त्यांनी अकरा रुपये लिहिले होते.

जनार्दन यांनी वाचलं आणि म्हणाले, "अकरा? भटजी पण एकशेएक घेतो आता." सगळे हसले, वनिताताईही. मग तात्यांनी विचारलं, सही कशाला.

त्यांनी सांगितलं. सल्ला देण्याआधी करार लागतो. यात लिहिलंय की मी कुठल्या कंपनीकडून पैसे घेत नाही आणि चुकीचं सांगितलं तर मी जबाबदार.

तात्यांनी पानं उलटून पाहिली. म्हणाले, "बिल्डरला सही दिली ती परक्याला. आता घरान सुनेला सही देऊ?"

"तात्या, तुमच्यासाठीच आहे ते."

"माझे घरान माझेच पैशाचं माझेच सुनेनी सांगायला माझी सही. गावात काय सांगू?"

विलास म्हणाले, कागद राहू दे ना, तसंच सांग. संपूर्ण बैठकीत ते एवढंच बोलले. वनिताताईंनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि सांगितलं की सही नसेल तर त्यांना काही बोलता येणार नाही. जनार्दन म्हणाले, "मग नको बोलू."

मी हे मोटवानी सरांच्या कानावर घातलं. ते चिडले. घरच्यांना फुकट सांगायचं असेल तर करार लागतच नाही, फी घेऊन सल्ला देतो तेव्हा लागतो, इतना भी नहीं समझी? मी वनिताताईंना फोन केला आणि सरांचं म्हणणं सांगितलं. पलीकडे मिक्सरचा आवाज होता. तो थांबला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नियम मीही वाचलाय. बिनकागदाचं सांगितलं असतं तर ते सुनेचं सांगणं झालं असतं. ते मी वीस वर्षं करते आहे."

मी विचारलं, मग आता?

"येतील. दुसरीकडे कुठे जाणार?"

त्यांची चूक झाली ती इथे. त्यांना वाटलं की पैसे आणि तात्या दोघंही वाट पाहतील.

चौथ्या दिवशी तुषार आला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, बँकेचं ओळखपत्र गळ्यात. तात्यांचं खातं त्याच्याच शाखेत होतं. मोठी रक्कम जमा झाली की शाखेत कळतं, त्यात विशेष काही नाही. आल्यावर त्याने सर्वांत आधी जनार्दन यांना भेटायचंय म्हणून सांगितलं. त्यांच्याशी अर्धा तास बोलून मग त्यांच्याबरोबर तात्यांसमोर आला. खुर्ची दिली तर नको म्हणाला, खाली सतरंजीवर बसला. माझे आजोबा तुमच्याच वयाचे, म्हणाला, दवाखान्यात गेले तेव्हा घर विकायची पाळी आली, पण ते कधी बोलले नाहीत हो, मनात ठेवायचे. तात्या झोपाळा थांबवून ऐकत होते. मग त्याने विचारलं, नातवाचं नाव काय.

वनिताताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आपली दोन पानं त्यांनी ओळखली. क्रमही तोच होता.

तुषारने त्यांना पाहिलं, उठून वाकून नमस्कार केला. म्हणाला, "ताई, तुम्ही असताना मी काय सांगणार?" आणि पुन्हा खाली बसून सांगू लागला. योजना विम्याची होती, नातवाच्या नावाने, लांब मुदतीची, मोठ्या हप्त्याची. हप्ता दरवर्षी भरायचा होता. तात्यांची समजूत झाली की एकदाच भरायचा. ती समजूत करून दिली गेली की होऊ दिली गेली, हे मला ठरवता आलेलं नाही.

वनिताताईंनी दारातून विचारलं, "किती वर्षं भरायचा?"

तुषार म्हणाला, "ताई, सगळं समजावलंय मी दादांना."

आणि तात्या म्हणाले, "आज सही नाय लागत काय तुला, बोलायला?"

पुन्हा सगळे हसले. विलास सांगत होते की तेही हसले. वनिताताई आत गेल्या आणि चहा गाळून घेऊन आल्या. तात्यांनी सह्या केल्या. विलासनी त्या मोजल्या. चौदा होत्या.

मी तुषारला नंतर भेटलो. त्याने टाळलं नाही, मला शाखेत बसवून कॉफी मागवली. म्हणाला, त्या तिमाहीत त्याच्या डोक्यावर टार्गेट होतं, दोन सहकाऱ्यांना काढलं होतं. ताईंनी केलं असतं तर तो गेलाच नसता. चार दिवस त्याने मुद्दाम वाट पाहिली. प्रकल्पाचं विचारलं तेव्हा त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "सरांनीच सांगितलं होतं ना, आधी माणूस ओळखा?" त्याला हे उद्धटपणे बोलायचं नव्हतं.

वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. तोपर्यंत उरलेल्या पैशांचे जनार्दन यांनी दोन डंपर घेतले होते, त्यातला एक विकून हप्ता भरला. वनिताताईंची नोंदणी तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. फी देणारा ग्राहक वर्षात एकही आला नव्हता. नोंदवह्या ठेवायच्या, तपासणी करून घ्यायची, शुल्क भरायचं. हा सगळा खर्च विलासच्या पगारातून होत होता. त्यांनी नोंदणी परत केली. त्यानंतर काही महिन्यांत नियम बदलला. सल्लागार व्हायला आता पदव्युत्तर शिक्षण लागत नाही, साधी पदवी पुरते. बातमी मीच संपादित केली. छापण्याआधी त्यांना फोन करून सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पोरींना सोपं जाईल." मग विचारलं, बातमी कुठल्या पानावर आहे. मी आतल्या पानावर म्हटलं. त्या म्हणाल्या, तिथेच असू दे.

आता त्या ओटीवर अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या मुलांची शिकवणी घेतात. टेबल तेच आहे. प्रमाणपत्राच्या जागी वेळापत्रक आहे. मुलं फी वेळेवर देतात.

शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, तुषारच्याच शाखेत. माझं बदलापुरात घर झाल्यापासून खातं तिथे आहे. केवायसीची कागदपत्रं द्यायला गेलो होतो. तिसरा हप्ता भरणं म्हसकरांना शक्य नव्हतं, दुसरा डंपर दुरुस्तीत उभा होता आणि तात्यांच्या पायाचं ऑपरेशन ठरलं होतं. पॉलिसी मोडायला ते आले होते. तात्या काठी घेऊन मधल्या खुर्चीवर, एका बाजूला वनिताताई, टेबलापलीकडे तुषार. तुषार जाडा झाला होता. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहू लागला. वनिताताईंनी मला पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर तसं दाखवलं नाही.

त्या फॉर्म भरत होत्या. अक्षर वर्गात होतं तसंच, सुटं आणि सरळ. तात्या तुषारला म्हणाले, "ही माझी धाकटी सून. हिला पण थोडंफार समजतं यातलं."

तुषार म्हणाला, हो तात्या.

फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी तो तात्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तात्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. बारीक अक्षरांतला मजकूरही त्यांनी सोडला नाही. पुढे काय मिळणार नाही, कशावर हक्क राहणार नाही, नातवाला काय मिळालं असतं ते आता मिळणार नाही. मागचा एक माणूस घड्याळ पाहू लागला. त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेल्या. मग तात्यांनी विचारलं, हातात किती येतील. वनिताताईंनी बोटांची पेरं मोजली नाहीत. आकडा त्यांनी घरूनच काढून आणला असावा. त्यांनी तो सांगितला. दोन हप्त्यांत भरलेल्या रकमेच्या तो निम्माही नव्हता.

तात्यांनी पेन हातात धरलं. काठी मांडीवर आडवी होती. त्यांनी मान वळवली आणि टेबलापलीकडे विचारलं, "बरोबर बोलते का रे ही?"

तुषारने स्क्रीनवर पाहिलं. वनिताताई फॉर्मवर, सहीच्या जागी, बोट ठेवून बसल्या होत्या.

"बरोबर आहे, तात्या," तो म्हणाला.

मग तात्यांनी सही केली.